ईमॅक्सचा एसक्यूएल संवाद-मोड: गप्प बसणाऱ्या मध्यस्थाचे समीक्षण

प्रास्ताविक

ईमॅक्स या टेक्स्ट एडिटरमध्ये बसून डेटाबेसला क्वेरी पाठवता येते. एका खिडकीत क्वेरींची फाइल उघडी असते, दुसऱ्या खिडकीत डेटाबेसशी चाललेला संवाद दिसतो. कंट्रोल-सी दोनदा दाबले की कर्सरजवळची क्वेरी पहिल्या खिडकीतून दुसरीकडे जाते. या दुसऱ्या खिडकीमागच्या व्यवस्थेचे नाव एसक्यूएल-इंटरॅक्टिव्ह-मोड. या टिपणात तिला आपण ‘संवाद-मोड’ म्हणू.

या मोडबद्दल विद्यार्थ्यांची तक्रार साधारण एकच असते: क्वेरी पाठवली, पण काहीच झाले नाही. उत्तर नाही, चुकीचा संदेश नाही, नुसता लुकलुकणारा कर्सर. मग विद्यार्थी तीच क्वेरी पुन्हा पाठवतो, तिसऱ्यांदा पाठवतो आणि शेवटी ईमॅक्स बंद करून मोकळा होतो. तुमचेही असे झाले असेल, तर हे टिपण तुमच्यासाठी आहे.

आपल्यापुढे दोन प्रश्न आहेत. दोष नेमका कुठे शोधायचा? आणि तो शोधणे इतके अवघड का जाते? पहिल्याचे उत्तर पायरी-पायरीने देता येते. दुसऱ्यासाठी या साधनाच्या रचनेचे मूल्यमापन करावे लागते. माझे मत आधीच सांगतो: संवाद-मोडची रचना प्रामाणिक आहे आणि शिकणाऱ्याला उपयोगीही आहे, मात्र त्याचे गप्प बसणे हा खरा दोष आहे, आणि एका ठिकाणी तो दोष तुमचे टेबल रिकामे करू शकतो. मत पटते का, हे टिपण वाचून तुम्ही ठरवा.

सूचना: आज्ञांची आणि पर्यायांची नावे येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. संगणकावर ती रोमन लिपीतच टाइप करावीत.

१. तीन पात्रे, दोन सांधे

संवाद-मोड डेटाबेसशी स्वतः बोलत नाही. ही एक गोष्ट लक्षात ठेवली, तर पुढचे बरेच कोडे आपोआप सुटते.

या व्यवहारात तीन पात्रे असतात. पहिले पात्र ईमॅक्स. दुसरे पात्र डेटाबेससोबत मिळणारा कमांड-लाइन क्लायंट: मायएसक्यूएलसाठी मायएसक्यूएल नावाचाच प्रोग्राम, पोस्टग्रेससाठी पीएसक्यूएल, एसक्यूलाइटसाठी एसक्यूलाइट३, ओरॅकलसाठी एसक्यूएल-प्लस. तिसरे पात्र खुद्द डेटाबेस. ईमॅक्स क्लायंटला आपल्या पोटात चालवतो, तुम्ही दिलेली अक्षरे त्याच्या हाती देतो आणि त्याने छापलेली अक्षरे बफरमध्ये दाखवतो. टेबल म्हणजे काय, ट्रान्झॅक्शन चालू आहे की संपले, क्वेरी पूर्ण झाली की अर्धवट राहिली, यातले ईमॅक्सला काही कळत नाही. त्याला दिसतात ती फक्त अक्षरे.

ही रचना जुनी आहे. बाहेरच्या प्रोग्रामला बफरमध्ये चालवण्याचा ईमॅक्सचा पाया ‘कॉमिंट’ नावाच्या भागात आहे. तो ओलिन शिव्हर्स यांनी १९८८ च्या सुमारास लिहिला. त्याच पायावर अॅलेक्स श्रोडर यांनी १९९८ मध्ये एसक्यूएलचा भाग उभा केला. ईमॅक्समधला शेल-मोडही याच कॉमिंटवर चालतो. म्हणजे डेटाबेससाठी वेगळे यंत्र घडवलेले नाही. कुठल्याही बोलक्या प्रोग्रामसाठी असलेली खिडकी डेटाबेसच्या क्लायंटला दिली आहे.

तीन पात्रे म्हटली की दोन सांधे आले: ईमॅक्स आणि क्लायंट यांच्यामधला, आणि क्लायंट आणि डेटाबेस यांच्यामधला. काही बिघडले की पहिला प्रश्न हा विचारा: दोष कोणत्या सांध्यावर आहे? तो ओळखण्याची चाचणी साधी आहे. तोच क्लायंट, तेच नाव, तोच पासवर्ड घेऊन साध्या टर्मिनलमध्ये चालवून पाहा. तिथेही चालत नसेल, तर ईमॅक्सचा काही संबंध नाही. तिथे चालतो आणि ईमॅक्समध्ये चालत नाही, तर दोष पहिल्या सांध्यावर आहे.

२. क्लायंट सापडतो का, आत जाता येते का?

प्रोग्राम सापडत नाही असा संदेश आला, तर तो वाचून पुढे जाऊ नका; तो शब्दशः खरा असतो. क्लायंट बसवलेला नसतो, किंवा बसवलेला असूनही ईमॅक्सला त्याचा पत्ता ठाऊक नसतो. मॅकवर चिन्हावर क्लिक करून उघडलेल्या ईमॅक्सला टर्मिनलमधला शोधमार्ग मिळत नाही, म्हणून टर्मिनलमध्ये सापडणारा क्लायंट तिथे सापडत नाही. अशा वेळी एसक्यूएल-मायएसक्यूएल-प्रोग्राम या चलात क्लायंटचा पूर्ण पत्ता द्यावा. इतर डेटाबेससाठीही असेच चल आहेत.

पुढची पायरी लॉगिनची. मायएसक्यूएलमध्ये २००२ क्रमांकाची चूक म्हणजे सर्व्हरपर्यंत पोहोचताच आले नाही. १०४५ म्हणजे पोहोचलात, पण दारातून परत पाठवले. दोन्हींवरचे उपाय वेगळे आहेत. येथे एक बारकावा ध्यानात घ्या. लिनक्सवर यजमानाचे नाव ‘लोकलहोस्ट’ दिले, तर मायएसक्यूएलचा क्लायंट नेटवर्कने न जाता सॉकेट फाइलमधून जातो. त्याऐवजी १२७.०.०.१ हा पत्ता दिला, तर तो नेटवर्कच्या मार्गाने जातो. सॉकेट फाइल अपेक्षित जागी नसेल, तर पहिला मार्ग बंद आणि दुसरा चालू, असे होऊ शकते. वरवर पाहता दोन्ही पत्ते एकाच संगणकाचे असतात, त्यामुळे गोंधळ वाढतो.

एसक्यूलाइटमध्ये दारच नसते, म्हणून तिथला गोंधळ वेगळा. फाइलचे नाव किंवा फोल्डर चुकले, तर एसक्यूलाइट तक्रार करत नाही. त्या नावाचा नवा, रिकामा डेटाबेस धरून बसतो. मग पहिल्याच क्वेरीला ‘असे टेबल नाही’ असे उत्तर येते आणि विद्यार्थी टेबलाच्या नावाचे स्पेलिंग तपासत राहतो. खरे तर डॉट-डेटाबेसेस ही आज्ञा देऊन कोणती फाइल उघडली आहे, हे आधी पाहायला हवे.

पासवर्डबद्दल येथे टीका करणे भाग आहे. मायएसक्यूएलसाठी ईमॅक्स तुमचा पासवर्ड क्लायंटला कमांड-लाइनवरूनच देतो. क्लायंट तो लगेच झाकतो, तरी क्षणभर त्याच संगणकावरच्या दुसऱ्या वापरकर्त्याला प्रोसेसच्या यादीत तो दिसू शकतो. स्वतःच्या लॅपटॉपवर याने बिघडत नाही. अनेकांनी एकाच सर्व्हरवर काम करायच्या प्रयोगशाळेत मात्र पासवर्ड मायएसक्यूएलच्या स्वतःच्या सेटिंग फाइलमध्ये, फक्त तुम्हालाच वाचता येईल अशा परवानगीसह ठेवणे बरे.

३. विंडोजवर क्लायंट मुका का होतो?

लिनक्स आणि मॅकवर ईमॅक्स क्लायंटला एक बनावट टर्मिनल देतो. क्लायंटला वाटते, समोर माणूस बसला आहे. म्हणून तो प्रॉम्प्ट छापतो, टेबल आखून दाखवतो, चूक झाली तरी संवाद चालू ठेवतो. विंडोजवर ईमॅक्स अशा टर्मिनलऐवजी साधा पाइप जोडतो. पाइप दिसला की क्लायंटला वाटते, आपल्याला कुणीतरी फाइल भरवत आहे. मग तो प्रॉम्प्ट छापत नाही, उत्तर साठवून ठेवतो आणि पहिल्याच चुकीला काम सोडून निघून जातो. बिघाडाची सगळी लक्षणे दिसतात, पण बिघाड कशातच नसतो. क्लायंट त्याच्या नियमाने बरोबर वागत असतो.

मायएसक्यूएलसाठी ईमॅक्सच्या माहितीपत्रात विंडोजवर चार पर्याय द्यायला सुचवले आहे: वजा मोठा सी, वजा टी, वजा एफ, वजा एन. ते का द्यायचे, हे मात्र तिथे सांगितलेले नाही. वरचा परिच्छेद समजला असेल, तर तुम्हीच सांगू शकाल. वजा एन म्हणजे उत्तर साठवू नको, क्वेरी झाली की लगेच दे. वजा टी म्हणजे समोर माणूस नाही असे वाटले तरी टेबल आखून दाखव. वजा एफ म्हणजे चूक झाली म्हणून निघून जाऊ नको. (उरलेला मोठा सी दळणवळण संकुचित करण्यासाठी आहे, मुकेपणाशी त्याचा संबंध नाही.) एसक्यूलाइटला याच कारणासाठी ‘इंटरॅक्टिव्ह’ हा पर्याय द्यावा लागतो: समोर माणूस आहे असे समज, एवढाच त्याचा अर्थ.

माझा आक्षेप येथे माहितीपत्रावर आहे. औषधाचे नाव दिले, रोगाचे दिले नाही. विद्यार्थी चार अक्षरे उतरवून घेतो. डेटाबेस बदलला की तीच अक्षरे नव्या क्लायंटला देतो आणि पुन्हा अडकतो.

४. प्रॉम्प्ट ओळखण्याचा खेळ

उत्तर कुठे संपले हे ईमॅक्सला कसे कळते? तो क्लायंटचा प्रॉम्प्ट ओळखून अंदाज बांधतो. प्रत्येक डेटाबेससाठी प्रॉम्प्टचा एक नमुना, म्हणजे रेग्युलर एक्स्प्रेशन, ठरवून ठेवलेले असते. अक्षरे नमुन्यात बसली की ईमॅक्स समजतो, क्लायंट पुढच्या क्वेरीसाठी तयार आहे.

अडचण अशी की प्रॉम्प्ट बदलतात. मारियाडीबी २००९ मध्ये मायएसक्यूएलपासून वेगळा झाला आणि त्याचा प्रॉम्प्ट स्वतःचे नाव आणि कंसात डेटाबेसचे नाव दाखवू लागला. अनेक लिनक्स वितरणांत मायएसक्यूएल म्हणून मारियाडीबीच बसवला जातो. ईमॅक्सला तुम्ही ‘हा मायएसक्यूएल आहे’ असे सांगितले, तर तो मायएसक्यूएलच्या प्रॉम्प्टची वाट पाहत राहतो. क्वेरी चालते, उत्तरही येते. पण टेबलांची यादी दाखवणे यासारख्या ज्या सोयी प्रॉम्प्टवर अवलंबून आहेत, त्या लंगड्या पडतात. यावर उपाय म्हणजे उत्पादन म्हणून मारियाडीबी निवडणे. ईमॅक्सच्या अलीकडच्या आवृत्त्यांत ते वेगळे दिले आहे.

पोस्टग्रेसचे उदाहरण आणखी बोलके आहे. २०२० मध्ये आलेल्या तेराव्या आवृत्तीपासून पीएसक्यूएलच्या नेहमीच्या प्रॉम्प्टमध्ये ट्रान्झॅक्शनची स्थिती दिसते. ट्रान्झॅक्शन चालू असेल तर तारा, ते फसले असेल तर उद्गारचिन्ह. वापरणाऱ्याच्या दृष्टीने ही फार चांगली सुधारणा. पण ताऱ्याची अपेक्षा नसलेल्या नमुन्याला तो प्रॉम्प्ट अनोळखी ठरतो. लक्षण मजेदार दिसते: सगळे सुरळीत चालू असते, बिगिन म्हटले की एडिटर बावचळतो आणि कमिट म्हटले की पुन्हा शहाणा होतो. अशा वेळी एसक्यूएल-प्रॉम्प्ट-रेगएक्स्प या चलातला नमुना आणि बफरमध्ये प्रत्यक्ष दिसणारा प्रॉम्प्ट शेजारी-शेजारी ठेवून ताडून पाहा.

याच खेळातून आणखी एक किरकोळ, पण रोज छळणारी गोष्ट निघते. उत्तराची पहिली ओळ प्रॉम्प्टच्याच ओळीवर चिकटून येते, त्यामुळे स्तंभांची शीर्षके उजवीकडे सरकतात आणि खालच्या आकड्यांशी जुळत नाहीत. आकडे बरोबर असतात. शीर्षक कुठल्या स्तंभाचे, हे वाचताना मात्र चूक होऊ शकते. रुंद टेबल ओळ मोडून दिसत असेल, तर टॉगल-ट्रंकेट-लाइन्स ही आज्ञा द्यावी.

पोस्टग्रेस वापरणाऱ्यांनी आणखी एक खबरदारी घ्यावी. लांब उत्तर पानापानाने दाखवणारा पेजर ईमॅक्सच्या बफरमध्ये नीट चालत नाही, म्हणून एसक्यूएल-पोस्टग्रेस-ऑप्शन्स या चलात तो बंद ठेवण्याचा पर्याय आधीच भरलेला असतो. तुम्ही आपला एखादा पर्याय द्यायला हे चल नव्याने लिहिले, तर जुना पर्याय पुसला जातो आणि पेजर परत येतो. यादीत भर घालावी, यादी बदलू नये.

५. अर्धविराम: जिथे खरे नुकसान होते

आता मूळ तक्रारीकडे येऊ. क्वेरी पाठवली आणि काहीच झाले नाही. दहापैकी कितीदा, ते मी सांगणार नाही. पण सर्वांत आधी तपासायची गोष्ट नक्की सांगेन: अर्धविराम.

क्लायंटला अर्धविराम दिसेपर्यंत क्वेरी अपुरी वाटते. तो पुढच्या ओळीची वाट पाहतो आणि प्रॉम्प्टचे रूप बदलतो. मायएसक्यूएलमध्ये बाण दिसतो, एसक्यूलाइटमध्ये तीन टिंबे आणि बाण, पीएसक्यूएलमध्ये बरोबरच्या चिन्हाची जागा उणे घेते. पीएसक्यूएल तर काय उघडे राहिले, हेही सांगतो: अवतरणचिन्ह बंद केले नसेल तर प्रॉम्प्टमध्ये अवतरणचिन्ह, कंस राहिला असेल तर कंस. म्हणजे क्लायंट गप्प नसतो. तो खुणेने सांगत असतो. ईमॅक्स ती खूण आपल्या शब्दांत तुमच्यापर्यंत पोहोचवत नाही, आणि तुम्ही तर क्वेरीच्या खिडकीकडे पाहत असता.

अशा वेळी तीच क्वेरी पुन्हा पाठवणे ही सर्वांत वाईट गोष्ट. पहिली अर्धवट क्वेरी क्लायंटकडे पडून आहे. दुसरी तिलाच जोडली जाते आणि विचित्र चूक दिसते. आधी पडून असलेले साफ करा: मायएसक्यूएलमध्ये बॅकस्लॅश-सी, पीएसक्यूएलमध्ये बॅकस्लॅश-आर. मग पूर्ण क्वेरी पाठवा.

परिच्छेद पाठवणाऱ्या आज्ञेचाही एक सापळा आहे. ईमॅक्सच्या लेखी परिच्छेद म्हणजे दोन रिकाम्या ओळींमधला मजकूर. क्वेरी म्हणजे काय, ते त्याला माहीत नाही. वाचायला सोपे जावे म्हणून तुम्ही लांब क्वेरीत एक ओळ रिकामी सोडली, तर अर्धीच क्वेरी जाते. ओरॅकलच्या एसक्यूएल-प्लसमध्ये तर रिकामी ओळ स्वतःच क्वेरीचा शेवट मानली जाते.

या त्रासावर संवाद-मोडमध्ये एक उपाय दिलेला आहे: एसक्यूएल-सेंड-टर्मिनेटर. हे चल चालू केले की ईमॅक्स पाठवलेल्या मजकुराच्या शेवटी अर्धविराम आपणच जोडतो. मुळात ते बंद असते. तक्रार करणाऱ्या विद्यार्थ्याला अनेक जण ‘हे चालू करा, प्रश्न मिटला’ असा सल्ला देतात. हा सल्ला स्वीकारण्याआधी पुढचे उदाहरण पाहा.

समजा, गुण नावाच्या टेबलात वर्गातल्या सर्वांचे गुण आहेत. १७ क्रमांकाच्या विद्यार्थ्याची नोंद दोनदा पडली म्हणून ती काढायची आहे. फाइलमध्ये तुम्ही दोन ओळी लिहिल्या आहेत. पहिली ओळ: डिलीट फ्रॉम गुण. दुसरी ओळ: व्हेअर क्रमांक = १७, आणि शेवटी अर्धविराम. आता कर्सर पहिल्या ओळीवर आहे आणि तुम्ही एक ओळ पाठवून पुढे जाणारी आज्ञा, म्हणजे कंट्रोल-सी कंट्रोल-एन, दाबली.

टर्मिनेटर बंद असेल, तर पहिली ओळ क्लायंटकडे जाऊन थांबते. बाण दिसतो. दुसरी ओळ गेली की क्वेरी पूर्ण होते आणि १७ क्रमांकाच्याच नोंदी जातात. टर्मिनेटर चालू असेल, तर पहिल्या ओळीलाच अर्धविराम लागतो. ‘डिलीट फ्रॉम गुण’ ही वाक्यरचनेने निर्दोष, पूर्ण आज्ञा आहे. सगळ्या वर्गाचे गुण गेले. दुसरी ओळ पाठवल्यावर येणारी वाक्यरचनेची चूक ही त्या अपघाताची पहिली बातमी.

निवडलेला भाग पाठवतानाही हेच होते. निवड एक ओळ कमी पडली की पुरे. म्हणजे ज्या गप्प बसण्याला आपण वैतागलो होतो, तेच गप्प बसणे येथे आपल्याला वाचवत होते. अपुरी क्वेरी अपुरीच ठेवणे हे क्लायंटचे योग्य वर्तन आहे. ईमॅक्सने खरे तर एवढेच करायला हवे होते: क्लायंट अजून वाट पाहतो आहे, असे तळाच्या पट्टीत एका ओळीत सांगायचे. पुढच्या ओळीच्या प्रॉम्प्टचा नमुना त्याच्याकडे असतोच. माहिती हाताशी असून ती न सांगता आपल्या मनाने वाक्य पूर्ण करण्याची सोय देणे, हा या साधनाच्या रचनेतला माझ्या मते सर्वांत मोठा दोष आहे.

तुम्ही काय करावे? टर्मिनेटर बंदच ठेवा. अर्धविराम स्वतः लिहा. डिलीट आणि अपडेट लिहिताना व्हेअर त्याच ओळीवर ठेवा. आधी त्याच अटीने सिलेक्ट चालवून किती नोंदी सापडतात, ते पाहा. बदल ट्रान्झॅक्शनमध्ये करा, म्हणजे रोलबॅकचा मार्ग उघडा राहतो. मायएसक्यूएलच्या क्लायंटला सेफ-अपडेट्स हा पर्याय दिला, तर योग्य अट किंवा मर्यादा नसलेला डिलीट तो चालवतच नाही.

६. तुमची क्वेरी कोणाकडे गेली?

एकाच वेळी दोन संवाद चालू असतील, एक सरावाच्या डेटाबेसशी आणि एक खऱ्या, तर प्रश्न येतो: फाइलमधली क्वेरी कुठल्या बफरकडे जाईल? प्रत्येक क्वेरी-फाइल एका संवाद-बफरशी जोडलेली असते, पण ती जोडणी डोळ्यांना सहज दिसत नाही. विचारावे लागते. एसक्यूएल-शो-एसक्यूएलआय-बफर ही आज्ञा जोडणी दाखवते आणि एसक्यूएल-सेट-एसक्यूएलआय-बफर ती बदलते. ‘एसक्यूएल प्रोसेस सुरू नाही’ असा संदेश आला, तर जोडणी नाही असे समजा, मग समोर जिवंत संवाद दिसत असला तरी.

येथे आणखी एक फसगत होते. मायएसक्यूएलचा संवाद चालू असताना तीच सुरू करण्याची आज्ञा पुन्हा दिली, तर ईमॅक्स नवे लॉगिन न विचारता जुन्याच बफरमध्ये नेऊन सोडतो. दुसरा, वेगळा संवाद हवा असेल, तर आज्ञेच्या आधी कंट्रोल-यू दाबावे लागते. ज्याला हे माहीत नाही, तो आपण दुसऱ्या डेटाबेसमध्ये आलो अशा समजुतीत पहिल्याच डेटाबेसमध्ये काम करत असतो. म्हणून संवाद सुरू होताच बफरला अर्थपूर्ण नाव द्या. एसक्यूएल-रीनेम-बफर ही आज्ञा त्यासाठीच आहे.

दुसऱ्या सांध्यावरही एक शांत घटना घडते. मायएसक्यूएल सर्व्हर निष्क्रिय जोडणी ठरावीक वेळाने तोडतो. मूळ मर्यादा २८,८०० सेकंदांची, म्हणजे ८ तासांची आहे. पुढची क्वेरी आली की क्लायंट नव्याने जोडणी करतो आणि पुढे चालू लागतो. बफर तोच, इतिहास तोच. सत्र मात्र नवे. जुन्या सत्रातली तात्पुरती टेबले, सत्रापुरते चल आणि अपुरे ट्रान्झॅक्शन गेलेले असतात. जेवणाआधी बनवलेले तात्पुरते टेबल दुसऱ्या दिवशी सापडत नसेल, तर पुन्हा जोडणी केल्याचा संदेश बफरमध्ये वर शोधा.

७. देवनागरी मजकूर आणि प्रश्नचिन्हे

मराठी, हिंदी किंवा कोकणी नावे असलेले टेबल उघडले आणि नावांच्या जागी प्रश्नचिन्हे दिसली, तर घाबरून मजकूर पुन्हा भरू नका. आधी हे ठरवा की प्रश्नचिन्हे साठवली गेली आहेत की फक्त दिसत आहेत. हेक्स फंक्शनने त्या स्तंभाचे बाइट पाहा. ३एफ ही जोडी सलग दिसली, तर खरोखरच प्रश्नचिन्हे साठवली गेली आणि मूळ मजकूर परत मिळणार नाही. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांचे असते आणि पहिला बाइट ई० असतो. तसे बाइट दिसले, तर मजकूर सुखरूप आहे. वाटेत कुणीतरी भाषांतर चुकवले आहे.

वाटेत दोघे असतात. क्लायंट आणि सर्व्हर यांच्यातला करार ‘सेट नेम्स यूटीएफ८एमबी४’ या आज्ञेने दुरुस्त होतो. ईमॅक्स आणि क्लायंट यांच्यातला करार सेट-बफर-प्रोसेस-कोडिंग-सिस्टिम या आज्ञेने होतो. एकच दुरुस्त करून भागत नाही.

देवनागरी टेबलाच्या उभ्या रेघा वाकड्यातिकड्या दिसल्या, तर तो फक्त दिसण्याचा प्रश्न आहे. जोडाक्षरे आणि मात्रा यांनी पडद्यावर घेतलेली जागा क्लायंटने मोजलेल्या जागेशी जुळत नाही. मायएसक्यूएलमध्ये अर्धविरामाऐवजी बॅकस्लॅश आणि मोठा जी लिहिला, तर प्रत्येक नोंद उभी मांडली जाते आणि वाचणे सोपे होते.

८. तुलना आणि निष्कर्ष

याहून वेगळ्या वाटाही आहेत. विममधले डॅडबॉड हे प्लगिन प्रत्येक क्वेरीसाठी क्लायंट नव्याने चालवते. अर्धवट क्वेरी पडून राहण्याचा प्रश्नच येत नाही. पण सत्रही टिकत नाही, त्यामुळे आधीच्या क्वेरीत बनवलेले तात्पुरते टेबल पुढच्या क्वेरीला दिसत नाही. ईमॅक्सच्याच २०२३ मध्ये आलेल्या २९ व्या आवृत्तीत एसक्यूलाइटशी थेट बोलण्याची सोय आहे. तिथे क्लायंट नाही, प्रॉम्प्ट नाही, अंदाज नाही. मात्र ती एकाच डेटाबेसपुरती आहे.

संवाद-मोड या दोन्हींच्या मध्ये उभा आहे. तो डझनभर डेटाबेसना एकाच रीतीने हाताळतो, कारण त्यांपैकी एकाचीही भाषा त्याला येत नाही. तो फक्त निरोप्या आहे. त्याचे बळ आणि त्याची मर्यादा एकाच गोष्टीतून येतात. शिकणाऱ्याला याचा फायदा आहे. क्लायंटवर कोणताही मुलामा न चढवता तो समोर ठेवला जातो, म्हणून येथे शिकलेले साध्या टर्मिनलमध्येही तसेच उपयोगी पडते. निरोप्याने निरोप बदलू नये, ही अपेक्षा तो बहुतेक वेळा पाळतो. निरोप घेणारा अजून वाट पाहतो आहे, हे परत येऊन सांगत नाही, ही त्याची उणीव.

म्हणून पुढच्या वेळी ‘काहीच झाले नाही’ असे दिसले, की या क्रमाने पाहा. संवादाच्या बफरमध्ये जाऊन शेवटचा प्रॉम्प्ट वाचा. तो वाट पाहणारा असेल, तर अर्धवट क्वेरी साफ करा. प्रॉम्प्टच नसेल, तर टर्मिनल की पाइप हा प्रश्न विचारा. प्रॉम्प्ट नेहमीचा असेल, तर क्वेरी दुसऱ्याच बफरकडे गेली का, ते पाहा. आणि तरीही उलगडा झाला नाही, तर तोच क्लायंट साध्या टर्मिनलमध्ये चालवा.

स्वाध्याय

१. एसक्यूलाइटमध्ये पाच नोंदींचे गुण हे टेबल बनवा. भाग ५ मधला डिलीटचा प्रयोग टर्मिनेटर बंद आणि चालू ठेवून करा. दोन्ही वेळी संवाद-बफरमध्ये काय दिसले, ते लिहा.
२. पीएसक्यूएलमध्ये अवतरणचिन्ह, कंस आणि अर्धविराम यांपैकी एकेक मुद्दाम सोडून द्या. प्रत्येक वेळी प्रॉम्प्ट कसा बदलतो, याची नोंद करा.
३. टर्मिनेटरची सोय मुळात बंद ठेवण्याचा निर्णय योग्य आहे का? या टिपणातल्या मताशी तुम्ही सहमत नसाल, तर विरुद्ध बाजू दहा ओळींत मांडा.